आजारी मनाचा मुक्काम

नऊ दिवसांचा नवस

बेल्जियममधल्या गील या गावात सेंट डिम्फ्नाच्या नावाचं एक जुनं चर्च आहे. त्याचं बांधकाम १३४९मध्ये सुरू झालं. डिम्फ्नाची कथा त्याहून कितीतरी जुनी, सातव्या शतकातली म्हणून सांगतात. आयर्लंडमधल्या एका राजाची राणी वारली आणि त्या दुःखाने राजाचं डोकं फिरलं. राणीसारखीच दिसणारी बायको हवी असा हट्ट धरून त्याने शेवटी पोटच्या मुलीवरच नजर वळवली. डिम्फ्ना आपल्या धर्मगुरूबरोबर समुद्र ओलांडून गीलला पळून आली. बापाने माग काढत येऊन तिचा शिरच्छेद केला. ही कथा कागदावर उतरली तेराव्या शतकात, तेव्हा तिच्यात इतिहास किती आणि लोककथा किती हे ज्याने त्याने ठरवावं. लोकांनी मात्र त्यातून सरळ अर्थ काढला. वेडाने जिचा बळी घेतला ती पोर वेडाने ग्रासलेल्यांची कैवारी झाली.

मग दूरदूरहून माणसं यायला लागली. कुणी आपल्या बडबडणाऱ्या भावाला घेऊन येई, कुणी महिनोन्‌महिने न बोललेल्या बायकोला. चर्चला लागून रुग्णांसाठी एक खोली बांधली होती. रुग्णाने तिथे नऊ दिवस राहायचं, रोज प्रार्थना ऐकायची आणि डिम्फ्नाच्या समाधीखालून गुडघ्यांवर रांगत जायचं, असा विधी होता. नऊ दिवसांत गुण आला नाही तर पुन्हा नऊ दिवस. अर्थातच बऱ्याच जणांना गुण येत नसे. खोली अपुरी पडायला लागली. नातेवाइकांना शेतीभातीची कामं सोडून राहणं शक्य नव्हतं. तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी रुग्णांना आपापल्या घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. राहण्या-जेवणाचे थोडे पैसे मिळत, शेतावर एक जास्तीचा हात मिळे. कुणी योजना आखली नव्हती, कुणी समिती नेमली नव्हती. विधी नऊ दिवसांचा होता, पण काही माणसं नव्वदाव्या दिवशीही त्याच घरात जेवत होती, आणि काही तर म्हातारी होऊन तिथेच गेली.

ही रीत आजही चालू आहे. १८५०मध्ये बेल्जियमच्या सरकारने ती आपल्या देखरेखीखाली घेतली, १८६२मध्ये गावात रुग्णालय उभं राहिलं. तेव्हापासून रुग्ण नांदतो गावातल्या घरात आणि डॉक्टर, परिचारिका त्याच्यावर लक्ष ठेवतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस गीलमधल्या घरांत ३,७००हून अधिक मनोरुग्ण राहत होते. पुढे औषधं सुधारली, शेतं कमी झाली, घरातल्या बायका नोकरीला लागल्या आणि हा आकडा उतरत दोनशेच्या आसपास आला. चित्रकार व्हॅन गॉगला गीलला पाठवावं असं त्याच्या वडिलांनी १८८०मध्ये ठरवत आणलं होतं. तो गेला नाही.

या पुस्तकाच्या आधीच्या प्रकरणांत आपण मेंदू, औषधं आणि समुपदेशन यांविषयी वाचलं. इथे प्रश्न वेगळा आहे. देवाच्या दारी गेलेल्या आजारी मनाला तिथे नेमकं काय मिळतं? चमत्कार होतो असं मानणारा एक वर्ग आहे आणि सगळी फसवणूकच असते असं मानणारा दुसरा. दोघांनाही गीलचं उत्तर पचायला जड जाईल. गीलमध्ये रोग क्वचितच पळाला, पण रुग्णाला राहायला जागा मिळाली, करायला काम मिळालं आणि त्याच्या विचित्र वागण्याने न दचकणारी माणसं मिळाली.

एलन बॅक्स्टर ही अमेरिकन तरुणी १९७०च्या दशकात गीलला अभ्यासासाठी जाऊन राहिली. एका घरातला पाहुणा-रुग्ण रोज आपल्या सदऱ्याची सगळी बटणं पिळून पिळून तोडून टाकायचा. घरची बाई रोज रात्री बसून ती पुन्हा शिवायची. एलनने सुचवलं, दोऱ्याऐवजी मासेमारीच्या गळाची नायलॉनची दोरी वापरा, म्हणजे बटणं तुटायचीच नाहीत. बाईला ते अजिबात पटलं नाही. बटणं तोडणं ही त्याची गरज आहे, असं तिचं म्हणणं होतं. मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या या बाईला जे उमगलं होतं, ते आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या घरात उमगत नाही. माणूस दुरुस्त झाल्याशिवाय आपलं प्रेम थांबवून ठेवायचं, असा तिच्या घरचा नियम नव्हता.

गीलचं चित्र अगदीच गुलाबी रंगवू नये. स्वस्तात राबणारा गडी म्हणूनही रुग्णाकडे पाहिलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काहींच्या पायांत बेड्याही असत. सरकारची देखरेख आली ती उगाच नव्हे.

यॉर्कमधली चहाची मेजवानी

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं. यॉर्क शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात १७९०मध्ये हॅना मिल्स नावाची एक विधवा दगावली. ती क्वेकर पंथाची होती. पंथातल्या लोकांनी तिला भेटायची परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली. काही आठवड्यांतच तिच्या मृत्यूची बातमी आली. विल्यम ट्यूक हा यॉर्कचा चहा-कॉफीचा व्यापारी, तोही क्वेकर. आपल्या लोकांसाठी आपणच जागा उभारू, असं त्याने मनावर घेतलं. १७९६मध्ये गावाबाहेरच्या टेकाडावर ‘रिट्रीट’ सुरू झालं. नावात इस्पितळ किंवा वेडा हे शब्द येऊ द्यायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं.

क्वेकर पंथात पुरोहित नसतात. लोक एकत्र जमून शांत बसतात, ज्याला आतून काही सुचेल तो बोलतो. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वराचा प्रकाश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. आता हे खरं मानलं तर वेड लागलेल्या माणसातही तो प्रकाश असणार, मग त्याला साखळीने कसं बांधणार? त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी होती की वेड्याची बुद्धी गेली म्हणजे माणूसपणच गेलं, त्याला थंडी-वारा, भूक-तहान आपल्यासारखी जाणवत नाही. ही समजूत चुकीची आहे, हे प्रयोगशाळेच्या आधी एका पंथाच्या श्रद्धेने ओळखलं.

विल्यमचा नातू सॅम्युअल ट्यूक याने १८१३मध्ये रिट्रीटचं वर्णन करणारं पुस्तक लिहिलं. त्यात चौतिशीच्या एका धिप्पाड माणसाची हकिगत आहे. हा माणूस सतत बेड्यांत असे. बेड्या न काढता कपडे चढवता-उतरवता यावेत म्हणून त्याच्या कपड्यांना नाड्या लावलेल्या होत्या. रिट्रीटमध्ये पाऊल टाकताच त्याच्या बेड्या काढल्या आणि व्यवस्थापक जिथे रात्रीचं जेवत होते तिथेच त्याला बसवलं. शांत राहिलास तर बांधायची वेळ येणार नाही, हे त्याला समजावून सांगितलं. अधूनमधून तो भडकायचा, ओरडायचा, मग कुणीतरी जवळ बसून बोलत राहायचं. चारेक महिन्यांत तो बरा होऊन घरी गेला.

रिट्रीटच्या अंगणात ससे आणि कोंबड्या होत्या. स्त्री-रुग्णांसाठी अधूनमधून चहाची मेजवानी असे, तिला ठेवणीतले कपडे घालून यायचं. पहिले डॉक्टर टॉमस फाउलर यांनी त्या काळचे सगळे उपाय करून पाहिले. रक्त काढणं, फोड आणणं, जुलाब देणं, सगळं झालं. यातून फारसं काही साधत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं. रात्री झोप न येणाऱ्या उन्मादाच्या रुग्णाला अफूपेक्षा पोटभर मांस, पाव आणि बिअर दिली तर तो लवकर झोपतो, असं त्यांच्या ध्यानात आलं. विश्रांती हा उपचार आहे, हे इतक्या साध्या पद्धतीने सिद्ध होत होतं.

मात्र रिट्रीटच्या खिडक्यांच्या चौकटी लोखंडी होत्या, लाकडी वाटाव्यात अशा घडवलेल्या. कुलपांवर चामडं चढवलेलं होतं, म्हणजे कडी सरकताना खडखडाट होऊ नये. मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताने १९६१च्या आपल्या ग्रंथात ट्यूकवर टीका केली ती याच अंगाने. हातातल्या बेड्या काढल्या खऱ्या, पण त्यांच्या जागी अपराधाची भावना बसवली, असं त्याचं म्हणणं. टीकेत तथ्य आहे. तरीही नाडीबंद कपड्यातल्या त्या माणसाला विचारलं असतं तर त्याने कोणती जागा निवडली असती, याबद्दल शंका नको.

मुथुस्वामींच्या मंदिरातले एकतीस जण

आता आपल्या देशात येऊ. तमिळनाडूत मुथुस्वामी नावाच्या एका सत्पुरुषाच्या समाधीवर बांधलेलं मंदिर आहे. मानसिक आजाराने ग्रासलेल्यांना नातेवाईक तिथे आणतात. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतले डॉ. आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तिथे राहिलेल्या ३१ जणांचा अभ्यास केला. तो २००२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. बहुतेकांना स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार होते. आल्यावर आणि निघताना त्यांच्या लक्षणांची मोजणी ठरलेल्या मानसशास्त्रीय पट्टीवर केली. साधारण पाच-सहा आठवड्यांच्या मुक्कामात लक्षणं सरासरीने जवळपास २० टक्क्यांनी घटली होती. कित्येक औषधांच्या चाचण्यांत एवढाच फरक पडलेला दिसतो, असं संशोधकांनी नोंदवलं.

गंमत अशी की मंदिरात या लोकांवर खास असा कोणताच विधी होत नव्हता. ना झाडफूक, ना अंगात येणं. राहणं फुकट, बरोबर घरचं एक माणूस, सकाळची पूजा आणि मग झाडलोट, झाडांना पाणी घालणं अशी हलकी कामं. कुणाला बांधून ठेवायचं नाही. संशोधकांनी गुण दिला तो या धीर देणाऱ्या, न धमकावणाऱ्या वातावरणाला.

हा अभ्यास लहान आहे, हे विसरून चालणार नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जे घरीच राहिले किंवा ज्यांनी औषधं घेतली, त्यांच्यात किती फरक पडला असता, हे यातून कळत नाही. शिवाय २० टक्के सुधारणा म्हणजे बराचसा आजार शिल्लक. तेव्हा गोळ्या सोडा आणि मंदिरात जा, असा अर्थ कुणी काढू नये. अभ्यास सांगतो ते इतकंच की ज्या वातावरणात माणसावर कुणी खेकसत नाही, त्याची थोडी सेवा होते आणि थोडी सेवा त्याच्याही हातून होते, तिथे आजाराची धार कमी होते. ते वातावरण देवळात असू शकतं, दर्ग्यात असू शकतं आणि इस्पितळातही.

एरवाडीची पहाट

त्याच तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीला एक प्रसिद्ध दर्गा आहे. मनाचे आजार तिथे बरे होतात अशी श्रद्धा आहे. दर्ग्याच्या आसऱ्याने आसपास खासगी ‘मनोरुग्ण गृहं’ उभी राहिली. नातेवाईक पैसे भरून माणूस तिथे ठेवून जात. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे अशा एका गृहाच्या झावळ्यांच्या शेडला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले.

देश हादरला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तिथली गृहं बंद झाली, शेकडो रुग्ण सरकारी व्यवस्थेत हलवले गेले. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम ९५ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर संपूर्ण बंदी घातली.

एकाच राज्यात, एक-दोन वर्षांच्या आत, एकीकडे मुथुस्वामींचं मंदिर आणि दुसरीकडे एरवाडी. श्रद्धा दोन्हीकडे होती. आपल्या गावाकडे ‘बाहेरचं आहे’ असं म्हणतात, त्यातही हीच दुहेरी शक्यता दडलेली असते. बाहेरचं आहे म्हटलं की त्या सुनेचा किंवा पोराचा दोष उरत नाही. ती आळशी ठरत नाही, तो नालायक ठरत नाही, घराला त्यांना सांभाळून घेता येतं. पण त्याच समजुतीच्या आधाराने एखादा देवऋषी वेत उगारतो, मिरचीची धुरी देतो, आणि मी हिला नाही, हिच्यातल्या भुताला मारतोय, असं बिनदिक्कत सांगतो. मार मात्र तिच्याच पाठीवर उमटतो.

महाराष्ट्राने या प्रश्नावर एक नेमकी रेषा ओढली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३च्या हत्येनंतर आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षी अधिनियम म्हणून आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, केसांनी लटकवणं हे सगळं त्याने गुन्हा ठरवलं. त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, हरिकथा यांना हात लावलेला नाही. मारहाण आणि पंढरीची वाट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं स्पष्टपणे कायद्यालाही सांगता आलं.

दवा आणि दुआ

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाला मीरा दातार यांचा दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही पुष्कळ लोक तिथे जातात, आणि त्यांत हिंदू-मुसलमान असा भेद नसतो. इथल्या मुजावरांची आणि मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालून देणारा ‘दवा-दुआ’ हा उपक्रम एका स्वयंसेवी संस्थेने राज्य सरकारच्या साथीने सुरू केला. मुजावरांना आजारांची ओळख करून दिली गेली. कोणती लक्षणं दिसली की डॉक्टरकडे पाठवायचं, हे शिकवलं गेलं. दर्ग्याच्या परिसरातच डॉक्टर बसू लागले. मुजावर दुआ देतो आणि म्हणतो, आता तिथे जाऊन औषधही घे.

यात शहाणपण कुठे आहे ते पाहा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारागणिक पाहिलं तर ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या खेड्यातल्या बाईला ती किती लांब आहेत, याचा विचार करा. देवस्थान तिच्या ओळखीचं असतं, तिथे जायला लाज वाटत नाही, शेजारणीला सांगता येतं. मग डॉक्टरनेच त्या दाराशी जाऊन बसावं, हे सोपं. आणि मुजावराचा किंवा पुजाऱ्याचा शब्द असल्यावर गोळी घ्यायला रुग्ण का-कू करत नाही.

सोबत आलेल्याचं काय?

मानववंशशास्त्रज्ञ विएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. मानसिक आजार झालेल्यांना घेऊन कुटुंबं तिथे राहायला येतात. आरतीच्या वेळी अनेक बायकांच्या अंगात येतं. स्कल्टन्स यांना दिसलं ते असं की ज्यांच्या अंगात येतं, त्यांतल्या पुष्कळ बायका मुळात रुग्ण नव्हत्याच. त्या रुग्णाच्या आई किंवा बायको होत्या. ‘त्याचं दुखणं मला दे’ अशी प्रार्थना त्या करत, आणि घराचं दुखणं खरोखरच आपल्या अंगावर घेत.

पुरुषाचा आजार बाईने वाहायचा, ही विभागणी अन्यायाचीच आहे. पण त्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट आहे. सांभाळणारीचं दुःख बाहेर पडायला कुठे तरी जागा लागते. घरी ती रडली तर पोरं घाबरतात, सासू टोमणे मारते. मंदिरात ती घुमू शकते, केस मोकळे सोडू शकते, ओरडू शकते आणि कुणी तिला वेडी म्हणत नाही. आपल्या दवाखान्यांत रुग्णाचा केसपेपर निघतो, सोबत आलेल्या बायकोला ‘तुम्ही बाहेर बसा’ एवढंच ऐकायला मिळतं. डॉक्टरांनी तिला निदान एक प्रश्न विचारावा. तुम्हाला झोप लागते का?

उपवास, जागरण आणि गोळ्या

श्रद्धा जपतच उपचार घ्यायचे तर काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. त्या पुजारी सांगत नाही, आणि घाईत असलेला डॉक्टरही विसरतो.

पहिली गोष्ट झोपेची. ज्यांना बायपोलर आजार आहे, म्हणजे उदासी आणि उन्माद यांच्या लाटा येतात, त्यांच्यात एका रात्रीची झोप गेली तरी उन्मादाची लाट उसळू शकते. घरात जागरण-गोंधळ असेल, नवरात्रात रात्र-रात्र गरबा असेल, तर अशा माणसाने आरतीपुरतं थांबून वेळेवर झोपायला जावं. अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे रुग्णही यात आले. देवाच्या कामात कसूर केली असं यात काही नाही.

दुसरी गोष्ट उपवासाची. लिथियम हे बायपोलर आजारावरचं जुनं, खात्रीचं औषध. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो. त्यामुळे लिथियम चालू असताना निर्जळी उपवास, अळणी व्रत किंवा रमझानचे रोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. विचारलं तर बऱ्याचदा वाट निघते. कुणाच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारला विभागून देता येतात, कुणाला फराळ चालतो, कुणाला या वर्षी रोजे न धरणंच बरं. आजारी माणसाला सूट प्रत्येक धर्माने दिलेली आहे. ती घ्यायला लाजण्याचं कारण नाही.

तिसरी गोष्ट ध्यानाची. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. मौन पाळायचं, मोबाइल नाही, वाचन-लेखन नाही, पहाटे चारला उठून दिवसभर ध्यान. कित्येकांना त्याने मोठा दिलासा मिळाला आहे. पण प्रवेशाचा अर्ज भरताना मानसिक आजाराची माहिती विचारतात, आणि गंभीर आजार असलेल्यांनी येऊ नये असं आयोजक स्वतःच सांगतात. लपवून जाऊ नये. ज्याला आधीच नसलेले आवाज ऐकू येतात, त्याला दहा दिवसांची शांतता उलट अंगावर येऊ शकते.

चौथी गोष्ट अपराधाची. पूजेला बसलं की देवाविषयी अभद्र विचार मनात येतात, ते घालवायला पुन्हा आंघोळ, पुन्हा जप, तरी विचार जात नाहीत. अशी तक्रार घेऊन येणारे भाविक थोडे नसतात. आपण महापापी आहोत असं त्यांना वाटतं. हा बहुधा ओसीडी या आजाराचा प्रकार असतो. त्यावर औषधं आहेत, वर्तनोपचार आहेत, आणि ते लागू पडतात. नैराश्यातही असंच होतं. देवासमोर बसूनही काही वाटत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणजे आपली श्रद्धाच आटली, असं माणूस धरून चालतो. खरं तर नैराश्यात जेवणाची चव जाते, मुलांच्या हसण्याची जाते, तशीच भजनाचीही जाते. उपचारांनी भूक परत येते तेव्हा बहुधा भजनही परत गोड लागतं.

कुठे जावं, कुठे नाही

तेव्हा घरातल्या आजारी माणसाला एखाद्या देवस्थानी, आश्रमात, दर्ग्यात किंवा शिबिराला न्यायचं असेल तर आधी तिथे एक चक्कर मारून यावं. महाराजांची कीर्ती आणि नवस फेडणाऱ्यांची रांग यांवरून काही कळत नाही. पाहायचं ते हे. खोलीची कडी आतून लागते की बाहेरून? सोबत घरचं माणूस राहू देतात का? चालू असलेल्या गोळ्या बंद करायला सांगतात का? कुणाच्या हातापायांवर वळ दिसतात का? पैसे आधी किती मागतात आणि नंतर किती? रुग्णाला स्वतःला तिथे राहायचं आहे का, आणि नको म्हटलं तर निघता येतं का? यांतलं एकही उत्तर वाकडं आलं तर तिथून परत फिरावं, मग ते स्थान कितीही जागृत असो.

काही वेळा मात्र देवस्थान नंतर, दवाखाना आधी. माणूस मरणाच्या गोष्टी करत असेल, दोन-तीन दिवस जेवला-झोपला नसेल, बाळंतिणीला बाळाविषयी भलतेसलते विचार येत असतील, ताप असताना बरळत असेल, फिट आली असेल, तर अंगारा लावून वाट पाहण्यात वेळ घालवू नये. जवळ डॉक्टर नसेल आणि नेमकं काय करावं ते कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येतं. अंगारा वाटेत रिक्षात बसूनही लावता येतो.

दवाखान्यांनीही देवस्थानांकडून काही उचलावं. आपल्याकडे मनोरुग्णाला पुरेशी गोळी मिळाली की उपचार झाला, असा हिशेब आहे. गोळीने आवाज थांबतात, उदासी उतरते, आणि तिच्याशिवाय अनेकांचं चालायचंच नाही. पण गोळी घेतलेल्या माणसाने सकाळी उठून करायचं काय, बसायचं कुणाजवळ, त्याच्या बायकोने चार दिवस विसावा घ्यायचा कुठे, याची सोय औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. गीलच्या शेतकऱ्यांनी ती केली, यॉर्कच्या व्यापाऱ्याने केली, मुथुस्वामींच्या मंदिरात झाडांना पाणी घालणाऱ्यांना ती मिळाली. त्यांच्या श्रद्धा एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत. आजारी माणसाला घालवून द्यायचं नाही आणि बांधूनही ठेवायचं नाही, यावर मात्र त्या तिघींचं एकमत आहे, आणि हे साधायला कुठल्याही एका देवावर विश्वास असावाच लागतो असं नाही.